तळ्याची हाडं

दिवस कलायला लागला तसा ग्रेग्वार तळ्यातल्या बीव्हरचे, त्या दाट केसांच्या पाणजनावराचे, सापळे बघायला निघाला. कातड्यांचा व्यापार करता करता तो उत्तर अमेरिकेच्या रानातल्या ओजिब्वे आदिवासींचा जावई झाला होता. त्याच्या बायकोला, वासेयाला, नववा लागला होता. भूर्जसालीच्या झोपडीच्या दारातून तिनं विचारलं, "अहो, कालच्या बीव्हरची हाडं तळ्यात सोडलीत ना? माझ्या या दिवसांत तरी चुकू नका. त्याची हाडं त्याच्या घरी गेली नाहीत, तर तो आपल्या घरी येतो."

"सोडली गं," तो खोटंच म्हणाला.

हाडं त्यानं कुत्र्यापुढे टाकली होती. दाराशी बांधलेला कुत्रा अजून जिभल्या चाटत होता.

मेहुणा मकून्स सोबत आला. तळं गोठून पांढरंफटक पडलं होतं. वारा नव्हता. बर्फाखालून मधूनच कण्हल्यासारखा आवाज येई. ग्रेग्वारनं बर्फातलं भोक मोकळं केलं, बाही वर सारली आणि सापळ्याची साखळी चाचपायला हात पाण्यात घातला. पाण्याला ओल्या कातड्याचा उग्र वास येत होता.

"आवरा की दाजी! ताईनं रस्सा ठेवलाय, आणि तुम्ही तळ्याशी सोयरीक जुळवत बसलाय!"

ग्रेग्वार हसला नाही. आतून कुणीतरी त्याचं मनगट धरलं होतं. त्या गोठलेल्या पाण्यात ती पकड उबदार होती.

"मकून्स… माझा हात…"

मेहुण्याचं हसू मावळलं. "दाजी… हाडं कुठंयत?"

"कुत्र्याला… घातली."

पकड आवळली. हात खांद्यापर्यंत आत ओढला गेला, गाल बर्फाला चिकटला. मकून्सनं गुडघे टेकले, नैवेद्य म्हणून पाण्यात तंबाखूची चिमूट सोडली आणि तो भोकाशी वाकून पुटपुटला, "बीव्हरबाबा, हा परका आहे, त्याला कळत नाही… सोड त्याला. तुझं काय असेल ते तू घेऊन जा…"

पकड सुटली.

दोघं धापा टाकत घरी आले. दाराशी दोरी तशीच होती, गळ्याची गाठ न सुटलेली. कुत्रा नव्हता.

वासेया शेकोटीपाशी बसली होती. "परत का आलात? आत्ताच तर कुत्र्याला घेऊन गेलात. बाही चिंब होती तुमची."

"मी…? काही बोललो?"

"पोटावर हात ठेवलात माझ्या. म्हणालात, एक नेतो, एक न्यायचं राहिलं."

तिनं मांडीवरची घोंगडी सारखी केली. पोटापाशी ओला ठसा उमटला होता. पाच लांब बोटं, आणि बोटांच्या मधे बीव्हरच्या पंजासारखा कातडीचा पडदा.