चौकटीवरची खूण

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की माझा मुलगा मार्विन कॉम्प्युटर लावायचा. यात भिण्यासारखं काही नव्हतं. इथे आखातात, बिन महमूदमधल्या आमच्या बिल्डिंगीत निम्म्या घरांत शुक्रवारी हेच चालायचं. तिकडे वसईत माझा दीर पॅट्रिक सगळं खटलं घेऊन स्पीकरसमोर बसायचा, इकडे आम्ही, आणि दोन्ही घरं मिळून रोझरी म्हणायची. आम्ही 'नमो मारिया' म्हणायचं, त्यांनी 'पवित्र मारिये' उचलायचं. लाइनमुळे त्यांचं उत्तर जरा मागाहून यायचं, विहिरीतून आल्यासारखं. शेवटी घराण्यातल्या मेलेल्यांची नावं. एकेक नाव घेतलं की समोरून यायचं, "त्याला चिरशांती दे, प्रभू."

नावं नेहमी मी घ्यायची. मला शाळा नाही, सुकटीच्या पुड्यांच्या कागदावर अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले, पण सासरच्या चार पिढ्या मला तोंडपाठ आहेत. त्या शुक्रवारी मार्विन म्हणाला, "आई, आज मी घेतो."

त्याला पूर्वज सापडला होता ना. २००५ साल. ऑफिसातून आला की इंटरनेट, जेवताना इंटरनेट. आपल्या रक्तात जर्मन आहे म्हणून माझी सून फियोना तिच्या हॉस्पिटलातल्या नर्सेसना सांगत सुटली होती. हॅम्बुर्गला कुणी चुलत नातेवाईकही शोधून काढले यांनी.

"हाइनरिख," मार्विन मला म्हणाला. "डॅडींचा पणजोबा. जहाजं बांधणारा सुतार. अभिमान वाटायला पाहिजे आई."

"बायको टाकून गेलेल्याचा अभिमान तू बाळग. तुझ्या बापाच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. जिवंतांत नाही, मेलेल्यांत नाही."

"ही सगळी अंधश्रद्धा आहे."

"मग त्याचं थडगं दाखव मला."

हॅम्बुर्गवाल्यांकडेही थडगं नव्हतं. हाइनरिख घरी परत पोचलाच नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

नाव का घेत नाहीत, ते मला माझ्या नवऱ्याच्या आजीने सांगितलं होतं. ती त्या हाइनरिखची धाकटी मुलगी. तो वसईच्या पाचूबंदरला होड्या दुरुस्त करायला आला, तिथलीच बायको केली, दोन मुली झाल्या. थोरलीला त्याने दाराच्या चौकटीला उभं केलं आणि डोक्याच्या वर डांबराची रेघ ओढली. पोरगी रेघेला लागली त्याच आठवड्यात तिला घेऊन तो बंदरावर गेला. दोघं परत आली नाहीत. जाताना धाकटीसाठीही रेघ ओढून गेला. बायकोला म्हणाला, "ही एवढी झाली की मला हाक मार. मी न्यायला येईन." बायकोने ती चौकट उखडून चुलीत घातली. हाक कुणी मारली नाही. म्हणून धाकटी वाचली, म्हणून आमचं घराणं आहे.

हे सगळं मी मार्विनला सांगितलं. त्याने ऐकलं, आणि शुक्रवारी माईक पुढे ओढला.

बाहेर धुळीचं वादळ होतं. खिडक्यांना चांदीचा कागद लावलेला, त्यामुळे भरदुपारी घरात अंधार. एसी घरघरत होता. माझी नात जोस्लीन माझ्या मांडीला टेकून बसली होती. सहा वर्षांची, डोळे घारे, घराण्यातली सर्वांत धाकटी मुलगी. मार्विनने नावं घेतली, वसईने उत्तरं दिली. मग तो थांबला, घसा साफ केला.

"हाइनरिख."

समोरून उत्तर नाही. लाइन तुटली नव्हती, वसईत कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं. शेवटी पॅट्रिकचा आवाज आला, अगदी हळू.

"मार्विन… हे काय केलंस रे…"

तेवढ्यात आमच्या पॅसेजमध्ये आवाज झाला. टक… टक. सुतार लाकूड पोकळ आहे का बघायला ठोकतो तसा. भिंतीवरून सरकत तो जोस्लीनच्या खोलीपाशी गेला आणि थांबला. वाळवंटातल्या त्या बंद फ्लॅटमध्ये ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास भरला.

"एसीचा पाइप असेल," मार्विन म्हणाला. जागचा मात्र हलला नाही.

मी उठले. जोस्लीनच्या दाराच्या चौकटीवर फियोना दर वाढदिवसाला पेन्सिलने तिची उंची मांडायची. त्या खुणांच्या वर, वीतभर अंतरावर, काळी रेघ होती. ओली.

"जोस्लीनने केलं असेल," फियोना म्हणाली.

"खुर्चीवर चढून? आणि डांबर कुठून आणलं तिने, शाळेतून?"

जोस्लीनला मराठी कळतं, बोलत नाही. ती म्हणाली, "ही टोल्ड मी टु स्टँड स्ट्रेट, ग्रॅनी."

त्यानंतर या घरात कॉम्प्युटर लागला नाही. मी रेघ खरवडली, ती परत आली. मी हट्टाला पेटले. बिल्डिंगीचं काम करणारा नसरुद्दीन, त्याला बोलावून चौकटच काढायला लावली. नवी चौकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून आली. ती माझ्यासमोर उघडताना नसरुद्दीन म्हणाला, "अम्मा, ये दाग तो फॅक्टरी का लगता है." त्याच उंचीवर होता तो दाग.

मार्विन हल्ली माझ्या नजरेला नजर देत नाही. पोरीला वसईला पाठवू म्हणतो. मी म्हटलं, बंदराच्या आणखी जवळ पाठवतोस? मीच आता दिवसभर तिच्या दारात खुर्ची टाकून बसते. येऊ दे त्याला. त्याच्या बायकोने चौकट जाळली होती, मी त्याचा हात जाळीन.

पोरगी मात्र भराभर वाढते आहे. रेघेला दोन बोटं कमी आहे. काल बघितलं तर ती चौकटीला पाठ लावून चवड्यांवर उभी होती, हसत. मी ओरडले तशी टाचा टेकल्या. मग तिला आंघोळीला नेलं, फ्रॉक काढला.

दोन्ही काखांखाली, लहान मुलाला उचलून धरतात तशी, काळी बोटं उमटली होती. साबणाने गेली नाहीत.