बाईंच्या दुकानातली हजेरी

एवढंसं दुकान, ते रिकामं करायला असा किती वेळ लागणार? सुया, दोरे, नाड्या, लेस सगळं मुलीने सकाळीच खोक्यांत भरलं होतं. उरली होती ती भिंतीतल्या खणांमधली सुटी बटणं. ती निवडायचं काम तिने वडिलांवर सोपवलं आणि म्हणाली, "बाबा, मी शिंप्याला घेऊन येते. एकदा किल्ली दिली की सुटलो." शिंपी म्हणजे दुकान विकत घेणारा. परगावचा माणूस, परवाच पहिल्यांदा येऊन दुकान बघून गेलेला.

वडिलांना अख्खी गल्ली 'बाईंचे मिस्टर' म्हणे. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते विचारतो कोण? बाई सकाळी शाळेत शिकवत आणि दुपारनंतर दुकान उघडत, आणि खरं सांगायचं तर दोन्हींत फारसा फरक नसे. गिऱ्हाईक "जरा दोरा द्या" म्हणालं की बाई चष्म्यावरून बघत. "जरा म्हणजे किती? कोणता रंग? पूर्ण वाक्यात सांग." मग दोन पोरांचा बापसुद्धा मुकाट्याने पूर्ण वाक्य बोलून दोरा घेऊन जाई.

मिस्टरांचे कान मात्र गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात तरुणपणीच गेले होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं बाईंचा आवाज कानावर पडला, तेवढाच. पुढे बाई त्यांच्यासमोर उभ्या राहून सावकाश बोलत आणि मिस्टर ओठ वाचत. उभा संसार असा बिनआवाजाचा झाला, पण सुखाचा झाला. बाई गेल्यावर मुलीने कानाचं यंत्र आणून दिलं. बैल गेला आणि झोपा केला! आता त्यांना गळका नळ ऐकू येई, शेजाऱ्यांची भांडणं ऐकू येत. हवा होता तो आवाज तेवढा नव्हता. त्याहून वाईट म्हणजे तो आठवतही नव्हता. जाड होता की बारीक, हेही सांगता येईना. हे त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगणार? बायकोचा आवाज विसरलो म्हणून? एक वेडी आशा होती, की तो कुठे उरला असलाच तर याच चार भिंतींत असेल. आणि आज त्या भिंतीच परक्याच्या हातात जाणार होत्या.

ऊन कलायला लागलं. पत्र्याच्या डब्यात बटण टाकलं की यंत्रातून ते गारेसारखं कानात आदळे. वैतागून मिस्टरांनी यंत्र काढून खिशात टाकलं. त्यांची नेहमीची शांतता पसरली.

आणि त्या शांततेत कोणीतरी खाकरलं.

मिस्टरांचा हात खणातच राहिला. दुसऱ्या हाताने त्यांनी कान चाचपला. कान रिकामा होता. काउंटरमागेही कोणी नव्हतं. नुसता खडूचा वास येत होता, नव्या सुताच्या वासात मिसळलेला...

मग एक नाव आलं. कुणा मुलाचं, पूर्ण. थोडं थांबून दुसरं. बाई हजेरी घेत होत्या. किंचित घोगरा, ठाम आवाज, शेवटच्या अक्षरावर जरासा खाली उतरणारा. अरे, हाच! घोगरा! हे मी विसरलोच कसा? मिस्टरांच्या डोळ्यांना धार लागली. अंगावर काटा आला होता, तरी पळून जावं असं क्षणभरही वाटलं नाही. उलट मधे अडथळा नको म्हणून त्यांनी श्वास धरून ठेवला.

"अगं..." शेवटी न राहवून ते पुटपुटले. "मी आहे..."

आवाज थांबला नाही. वर्ग चालू असताना बाई कोणाचं ऐकून घेत नसत.

मग मुलीचं नाव आलं. ती आईच्याच वर्गात शिकली होती. शाळेतलं अख्खं नाव, मधे वडिलांचं नाव असलेलं. घरात जन्मभर 'अहो'च्या पुढे न गेलेल्या बायकोच्या तोंडून मिस्टरांनी पहिल्यांदाच स्वतःचं नाव ऐकलं. काय मायेने घेतलं होतं ते! मिस्टर मटकन खोक्यावर बसले.

समोर दारात मुलगी उभी होती. कधी आली कोण जाणे. हात सरळ, मान ताठ. मिस्टरांनी तिचे ओठ वाचले.

"हजर, बाई."

लगेच ती भानावर आली. "बाबा, रडताय का?" ओठ हलले. "यंत्र कुठंय तुमचं?" आपण आधी काही बोललो हे तिच्या गावीही नव्हतं.

मिस्टर उत्तर देणार तोच आणखी एक नाव आलं. हे त्यांनी कधीच ऐकलेलं नव्हतं. मुलीच्या मागे उभा असलेला शिंपी एकदम ताठ झाला. पिकल्या मिशीखालचे ओठ हलले. हजर, बाई.

मिस्टरांनी खिशातलं यंत्र काढून कानात घातलं. दुकान चिडीचूप. बाहेरून एक सायकल गेली.

"तुम्ही... कोणत्या शाळेत होतात?"

"शाळा?" शिंपी ओशाळून हसला. "शाळेचं तोंड नाही पाहिलं हो कधी. कळायला लागल्यापासून हातात सुई."

"मग आत्ता..."

पण तो ऐकत नव्हता. किल्ली घ्यायची विसरून तो आत आला, खोक्यांमधून वाट काढत काउंटरसमोर गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. मग जरासा बाजूला सरकला, शेजारी बसलेल्याला जागा करून देत.