बोम-सूची मान

डब्यात किंबापचे, म्हणजे भाताच्या गुंडाळीचे, सात तुकडे होते, मुळ्याच्या लोणच्याच्या दोन फोडी होत्या, आणि आता बेसबॉलचा एक चेंडूही होता.

हा-युननं वर पाहिलं. जाळीपलीकडून चेंडू फेकणारा एक उंच पिचर धावत आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"वय काय तुमचं?"

"चेंडू तुम्ही टाकलात, आणि वय माझं विचारता?"

"मोठ्यांना लागला तर कमरेतून वाकायचं, लहानांना नुसती टोपी... म्हणून."

"सव्वीस."

"मी पंचवीस," असं म्हणून तो तिच्यापुढे वाकला, मग डब्यापुढेही.

त्याचं नाव मो बोम-सू, सुंचन संघाचा पिचर. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर तो नुकताच चेंडू फेकायला लागला होता, आणि हा-युन त्या सोमवारीच चेंडूचा वेग मोजायच्या नोकरीवर आली होती. शुक्रवारच्या चाचणीत ताशी एकशे पंचेचाळीस किलोमीटर निघाले तर मुख्य संघ, नाहीतर घरचा रस्ता, असं कोचनी बजावलं होतं.

वेगाचं यंत्र चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे असायचं. हा-युन बोम-सूच्या डाव्या अंगाला, आकडे दाखवणाऱ्या फळ्याशेजारी बाकावर. रोज आकडा एकशे एक्केचाळीसवर येऊन अडायचा.

"दोन-तीन वाढवून दाखवा ना."

"यंत्र खोटं बोलत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी बोलते. तो किंबाप मी केलेला नव्हता... दुकानातला होता."

तो इतका हसला की पुढचा चेंडू जमिनीवर आपटला.

बुधवारी तिनं त्याच्या फेकीचं चित्रण सावकाश करून पाहिलं. चेंडू सुटायच्या आधीच त्याची मान डावीकडे वळत होती आणि खांदा मानेमागे ओढला जात होता.

"आकडा बघायची घाई नडते तुम्हाला," ती म्हणाली, आणि गुरुवारी तिनं फळाच बंद केला. तरी मान वळलीच.

"फळा बंद आहे. मग बघता कुठं?"

बोम-सूचे कान लालबुंद झाले. म्हातारा कॅचर प्यो मुखवट्याआडून म्हणाला, "अहो शास्त्रज्ञ बाई, फळ्याशेजारी आणखी काय असतं?"

हा-युननं बाकाकडे पाहिलं. तिथं तिचीच पिशवी होती.

"हे... आधी सांगायचं होतं," ती हळूच म्हणाली.

"उद्या घरी पाठवलं तर? कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

शुक्रवारी तिनं स्टूल उचललं आणि कॅचरच्या बरोबर मागे, जाळीला लावून ठेवलं.

"उन्हात बसणार?" प्योनं विचारलं.

"इथं यंत्र जवळ पडतं."

"हो, यंत्रच."

बोम-सूनं समोर पाहिलं. तिथं ती होती. "आणि आकडा नाहीच आला तर?" त्यानं लांबून विचारलं.

"तरी संध्याकाळी गार शेवया खायला जायचं. मी ठरवलंय."

त्यानं पाय उचलला, हात मागे नेला. मान सरळच राहिली. चेंडू प्योच्या हातमोज्यात आदळला.

यंत्रावर एकशे सेहेचाळीस आले.