मुठीतल्या तीन खाचा

हे घडलंय. शंका असेल त्याने आमच्याकडे यावं. आमच्याच घरी राहणाऱ्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, मनगटाचे दोन एक्स-रे कपाटावर, रद्दीखाली आहेत.

मंगळवार, दुपारचे तीन. भट्टीवर दादा एकटाच होता. उस्तादांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

दोन वर्षं दादा त्यांच्याकडे सुऱ्या करायला शिकला. शिकला म्हणजे बोलणी खाल्ली.

"कानस चालवतोयस की पाठ खाजवतोयस?" उस्ताद विचारायचे.

त्यांच्या पात्याला मागे लोखंडी शेपटी असायची. ती मुठीत शिरली की बाहेरून काही दिसायचं नाही. त्या शेपटीवर उस्ताद छिन्नीने तीन खाचा पाडायचे. हीच त्यांची सही.

"मुठीत गेल्यावर कोण बघतंय?" दादाने एकदा विचारलं होतं.

"मी."

उस्तादांचं शेवटचं पातं बिनमुठीचं पडलं होतं. प्रदर्शन तोंडावर. दादाचं स्वतःचं एकही पातं सरळ नव्हतं.

त्याने कानशीने खाचा घासून काढल्या. आपलं अक्षर ठोकलं. शेपटी लालभडक तापवली, लाकडी मुठीत दाबली. चर्र झालं, धूर निघाला, काम फत्ते.

पहिलं बक्षीस मिळालं. भाषणात उस्तादांचं नाव राहून गेलं. वेळ कमी होता म्हणे.

त्याच संध्याकाळी...

खर्र... खर्र...

"आई, काय घासतेयस?" मी विचारलं.

"भांडी. तू कधी घासणार?"

भांडी संपली.

आवाज संपला नाही.

तो दादाच्या उजव्या मनगटातून येत होता.

"ऑपरेशन झालंय का कधी?" डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाड एका बाजूने घासलंय."

त्यांनी मलम दिलं. बिचारे आणखी काय देणार?

तिसऱ्या दिवशी खरखर थांबली. दादा पोटभर जेवायला बसला.

मग...

टक.

हातातला चमचा पडला.

टक.

टक.

दुसऱ्या एक्स-रेत हाडावर तीन खाचा होत्या. सारख्या अंतरावर.

दादाने आयोजकांना सगळं सांगितलं, बक्षीस परत केलं. उस्तादांची खूण पुन्हा पाडायची म्हणून माझ्यासमोर मूठ फोडली.

शेपटीवर तीन खाचा होत्याच.

दादाचं अक्षर कुठेच नव्हतं.

"म्हणजे मिटलं ना?" मी विचारलं.

दादाने फुटलेली मूठ बाजूला ठेवली.

"खाचा पाडून झाल्या की शेपटी तापवायची असते रे." त्याने हात पुढे केला. "बघ ना जरा... कोमट लागतंय का?"

मी हात लावला.

कोमट नाही म्हणता येणार. माझ्या बोटावरचा फोड अजून बसलेला नाही.