मृदुलाताईंची छायापत्रं

धागावाचक हे संकेतस्थळ आल्यापासून ईमेलवर चालणाऱ्या टपालगटांतल्या पत्रांचा ढीग कोणी उपसत नसे. पूर्वी गटाला लिहिलेलं पत्र सगळ्यांच्या पेटीत येऊन पडायचं आणि कोण कोणाला काय म्हणालं हे शोधताना नाकी नऊ यायचे. आता प्रत्येक पत्र ज्याला उत्तर म्हणून लिहिलेलं असे, त्याच्याच खाली फांदीसारखं फुटलेलं दिसे, सगळा धागा सलग. सभासद व्हायचीही गरज नव्हती. चर्चामंचासारखं उघडायचं आणि वाचायचं.

मृदुला अष्टपुत्रे अशाच सहज वाचायला बसल्या. स्नायू दुबळे होत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांचा 'आधार' हा गट त्यांनी निहार गेल्यावर सोडला होता. मुलगा गेल्याचं गटात कोणालाच सांगितलं नव्हतं, तोंडातून शब्दच फुटला नव्हता. आणि आता पडद्यावर त्यांच्या नावाची पत्रं होती, गेल्या आठवड्यातली. त्यांत निहार जिवंत होता.

दुसऱ्या दिवशी त्या मिरजेहून थेट पुण्याला, धागावाचक बनवणाऱ्या डॉ. यास्मिन मुजावर यांच्या खोलीत जाऊन बसल्या. मृदुलाताई तशा मवाळ, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

"माझ्या नावानं कोण लिहितं?"

"माणूस कोणी नाही, ताई," यास्मिन म्हणाल्या. "शेजारी कोणी फोनवर बोलत असलं, की पलीकडचा काय म्हणाला हे आपल्याला न ऐकताही कळतं ना? गटातले लोक पुष्कळदा खासगीत उत्तर देतात. मग मधलं पत्र गायब, धाग्यात भोक. मागच्यापुढच्या पत्रांवरून यंत्र ते भरून काढतं. आम्ही त्याला छायापत्र म्हणतो. अक्षरं मुद्दाम फिकट ठेवलीत."

"फिकट अक्षरं कोण बघतं?"

यास्मिननी ताईंचे जुने धागे उघडून दाखवले. कोणी विचारलं की मृदुलाताई उत्तर दिल्याशिवाय राहत नसत, ही सवय यंत्र शिकलं होतं. लोक विचारत राहिले, यंत्रानं धरून चाललं की ताईंनी खासगीत लिहिलंच असणार, आणि भोक भरलं. लोकांनी आभार मानून आणखी विचारलं.

"पुसून टाका सगळं."

"तुम्ही स्वतः खरं लिहा ना. खऱ्या पत्रापुढं छायापत्र टिकत नाही."

मृदुलाताईंनी तिथंच बसून लिहिलं: 'निहार आता नाही. मधली पत्रं माझी नाहीत.' आणि पत्र पाठवून दिलं.

यंत्रानं ते ताईंच्या नावाच्या आधीच्या पत्रांशी, छायापत्रांसकट, ताडून पाहिलं. जुळेना, म्हणून 'संशयास्पद' असा शिक्का मारून तळाशी टाकलं. थोड्याच वेळात एका आईचं पत्र आलं: 'ताई, कोणीतरी तुमच्या नावानं अभद्र लिहितंय. निहार बरा आहे ना?' आणि त्याखाली लगेच फिकट अक्षरं उमटली: 'हो गं, ते पत्र माझं नाही. कालच निहार कठडा न धरता दोन पायऱ्या चढला.'

यास्मिनचा चेहरा पडला. "चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. त्यांनी ताईंच्या नावाची सगळी छायापत्रं निवडून संगणक पुढं सरकवला. "हे बटण. कायमचं पुसलं जाईल. तुमच्याच हातानं करा."

मृदुलाताईंनी बटणावर बोट ठेवलं. त्या याचसाठी आल्या होत्या, आणि ते सारं खोटं आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बोट तिथंच राहिलं.

"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "उतरताना त्याला कोणी धरलं होतं का, तेवढं विचारून घेते."