टेपखालचे दोन हात

पहिल्यांदा मला त्याची फक्त चार बोटं दिसली. बाकीचा तो चारशे वर्षांच्या झाडामागे होता.

"टेप धरा," बोटं म्हणाली.

"आपण कोण?"

"चष्मेवाला. चौकात दुकान आहे. आणि तुम्ही?"

"दातांच्या दवाखान्यात काम करते. गेली आठ वर्षं रविवारी इथे तण उपटते."

"म्हणजे आठवडाभर दात, रविवारी तण… आयुष्य उपटण्यातच चाललंय की!"

मी टेप जोरात ओढली. झाडामागून "आई गं" ऐकू आलं. आमचं सुरू झालं ते असं.

शहराच्या मधोमध उरलेलं हे जुनं रान आम्ही तीसेक माणसं सांभाळतो. प्रमुख म्हणजे गणिताच्या बाई, शाळेतून निवृत्त, रानातून नाही. कडेचा रस्ता रुंद होणार होता. तीन मीटरहून जास्त घेराची झाडं आपोआप वाचणार होती. कमी भरतील त्यांच्यासाठी बाई मुदतीत वेगळा अर्ज करणार होत्या. म्हणून त्यांनी जोड्या लावून मोजणी सुरू केली. पूर्वेची बाजू आमच्या वाट्याला आली.

टेपची टोकं जुळतात तिथे हातही जुळतात, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या झाडापाशी त्याने टेपखाली हात ठेवला. मी त्यावर माझा ठेवला… टेप घसरू नये म्हणून, दुसरं काय! पानांवरचं पाणी मनगटावर ठिबकत होतं.

"किती?" त्याने विचारलं.

"तीन मीटर चार."

"परत मोजूया?"

परत तेवढंच भरलं. हात तिथेच होते.

महिन्याभराने अधिकारी स्वतःची टेप घेऊन आले. आमची अकरा झाडं सहा-सहा सेंटिमीटरने बारीक निघाली. प्रेमाची जाडी किती, हे असं सरकारी कागदावर आलं. अर्जाची मुदत आठवड्यापूर्वीच सरली होती. उत्तरेकडची नऊ बारीक झाडं बाईंनी त्याच अर्जाने वाचवली होती.

"पूर्वेला टेप कोणी धरली होती?" बाईंनी विचारलं. आवाज इतका हळू की सगळे गप्प झाले.

मी तोंड उघडलं.

"मी," तो म्हणाला. "एकट्यानेच. ह्या तिकडे तण काढत होत्या."

मी तोंड मिटलं. दवाखान्यात लोकांना हेच सांगायला मला पगार मिळतो.

बाईंनी त्याला परत रानात पाऊल ठेवू नका म्हणून सांगितलं. मंगळवारी अकरा झाडं पडली. जेवणाच्या सुट्टीआधीच काम उरकलं.

मी फोन केला. "खोटं का बोललास?"

"तुझं रान सुटलं असतं तर तू जगली असतीस का?"

"आणि तुझं काय?"

"मला झाडं कळत नाहीत गं. मी तुझ्यासाठीच यायचो —" तो थांबला. "रविवारी दुकानात येशील?"

"रविवारी?"

मग तो म्हणाला, "बरं."

रविवारी रानात नव्या जोड्या लागल्या. बाईंनी मला स्वतःसोबत घेतलं.

"आता तुझ्यावरच काय तो भरवसा उरलाय माझा," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "हो, बाई."