ऊब ओळखणारे स्फटिक

दुपारी पाहुणे यायचे होते, म्हणून त्याने प्रयोगशाळेतली ती काचेची बशी पुन्हा पुन्हा पुसून घेतली. बशीत त्याचे स्फटिक होते. फिकट पिवळे, सुईएवढे बारीक. दिव्याचा उजेड पडला की वाकायचे, वर तळहात धरला की त्याच्या उबेने सळसळायचे. त्यांच्यापायी त्याने कैक वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं. आज ते संचालकबाईंना पटले, तर त्याला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती.

पाहुणे खोलीत आले आणि त्यांच्या मागोमाग आई. पायांत शिवून घेतलेली चप्पल, बगलेत कापडी पिशवी.

"अरे, इथे फार गारठा असतो म्हणालास ना? स्वेटर विणून झाला बघ!" ती दारातूनच म्हणाली.

तिचा आवाज नेहमीच एक पट्टी वर. एरवी त्याला त्याचं काही वाटत नसे. आज मात्र कानशिलं तापली. सगळे त्या चपलेकडेच बघताहेत असं त्याला वाटलं; खरं तर कुणाचं लक्षही नव्हतं.

"ह्या कोण?" संचालकबाईंनी विचारलं.

"आमच्या शेजारी राहतात," तो म्हणाला.

बोलून गेला आणि धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "हो, शेजारीच राहते मी," आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. लेकाला सांभाळून घ्यायची तिची जुनीच खोड.

त्याने बशीवर तळहात धरला. स्फटिक हलले नाहीत. हात चोळून पुन्हा धरला. ढिम्म.

"लाजतायत बहुतेक," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. तोही कसनुसा हसला.

तेवढ्यात बशीतल्या सगळ्या सुया सावकाश फिरल्या. त्यांची टोकं दाराजवळच्या खुर्चीकडे झाली.

"बाई, जरा इकडे येता?" संचालकबाई म्हणाल्या. आईने भीत भीत हात पुढे केला. सुया वाकल्या, उठल्या, तिच्या बोटांकडे झेपावल्या. खोलीत टाळ्या पडल्या.

"वा! ह्यांच्या हातात माया आहे हं. मुलंबाळं आहेत का ह्यांना?"

आई त्याच्याकडेच बघत होती. अजूनही सांगता आलं असतं. पण आता सांगावं तर मघाचं खोटं चव्हाट्यावर येणार, आणि त्या खोट्याची लाज आता चपलेच्या लाजेहून मोठी झाली होती.

"कल्पना नाही," तो म्हणाला.

आईने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि निघून गेली.

सगळे गेल्यावर त्याने हात दिव्यापाशी नेला, अगदी चटका बसेपर्यंत. मग बशीवर धरला. सुया निपचित पडून होत्या. त्याने थर्मामीटर मुठीत धरला. पारा खाली उतरू लागला.

पिशवीतून स्वेटर काढून बशीजवळ नेला, तशा सुया लगबगीने तिकडे वळल्या.

त्याने तो अंगात घातला. सुया थबकल्या आणि हळूहळू तोंड फिरवून बसल्या.

वाटभर तो मनाशी घोकत होता: पाय धरीन, माफी मागीन. आईच ती. चार शब्द सुनावेल आणि जेवायला वाढेल. शरमेने त्याची मान वर होत नव्हती. खिशात किल्ली असूनही त्याने बेल वाजवली.

आईने दार उघडलं. चेहऱ्यावर राग नव्हता. रुसवाही नव्हता.

"आई..."

"या ना," ती म्हणाली. "शेजारचेच ना तुम्ही?"

त्याने तिचा हात धरला. तिने दचकून सोडवून घेतला.

"अगंबाई, केवढा गार हात!"

मग तिची नजर स्वेटरवर गेली. बाहीवरून बोट फिरवत तिने वीण निरखली आणि कौतुकाने विचारलं,

"सुरेख विणलाय हो. तुमच्या आईने विणला का?"